झोप अपुरी पडतेय हे ओळखायचं कसं? मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

मुंबईत नवीन आलेल्या माणसाला पास कुठला काढावा, कुठल्या डब्यात चढावं, डिपॉझिट किती द्यावं हे सांगणारे पन्नास जण भेटतात. झोपेचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचं एकच उत्तर: ‘होईल सवय.’ अकरा वर्षांपूर्वी मी बार्शीहून आलो तेव्हा मलाही हेच सांगितलं गेलं. डोंबिवलीत चौघांत एक खोली, ऑफिस अंधेरीला. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो. रात्री साडेबाराला पाठ टेकायची आणि साडेपाचला अलार्म. दोन महिन्यांत मलाही वाटायला लागलं, झाली बुवा सवय.

मेख इथेच आहे. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना सलग १४ दिवस रात्री ६ तासच झोपू दिलं आणि रोज त्यांचं लक्ष, स्मरण तपासलं. दोन आठवड्यांनी त्यांची कामगिरी एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाइतकी घसरली होती. त्यांना स्वतःला विचारलं तर उत्तर काय, तर जराशी झोप येते, बाकी ठीक आहे. म्हणजे ज्या डोक्याने झोपेचा हिशोब करायचा तेच डोकं पेंगलेलं असतं. बरं, शेजाऱ्याशी ताडून बघावं तर मुंबईत शेजारीही पेंगतोय. तेव्हा ‘मला कसं वाटतंय?’ हा प्रश्न सोडून द्या. आपले हात, पाय, तोंड दिवसभरात काय करतायत ते बघा. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: सात दिवस तास मांडा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्याकडे दुधाचा हिशोब लिहितात, त्याच चौकटीत रोज दोन वेळा लिहायच्या: डोळा कधी लागला आणि उठलो कधी. अंथरुणावर पडून मोबाईल बघितला तो वेळ धरायचा नाही. लोकलमधली डुलकी वेगळी लिहा, रात्रीच्या तासांत मिळवू नका. दर स्टेशनला धक्का बसून मोडणारी ती झोप; तिने तरतरी येते, रात्रीची भरपाई होत नाही.

मोठ्या माणसाला साधारण ७ तास किंवा त्याहून जास्त झोप लागते. एखाद-दुसऱ्या जागरणाने काही बिघडत नाही. आठवड्याच्या शेवटी बघायचं ते इतकंच की रोजचा आकडा ७ च्या किती खाली आहे आणि रविवारी तो किती वर उडी मारतो. सोमवार ते शनिवार साडेपाच तास आणि रविवारी दहा, असं असेल तर शरीर थकबाकी वसूल करतंय. ‘मला पाच तास पुरतात’ म्हणणाऱ्याने आधी आपला रविवार तपासावा. खरोखर पाच तासांत भागणारी माणसं असतात, पण फार थोडी.

पायरी २: पाठ टेकताना आणि उठताना

‘आपलं बरंय, पाठ टेकली की झोप’, हे लोक अभिमानाने सांगतात. नीट झोप झालेल्या माणसाला झोप लागायला दहा-वीस मिनिटं लागतात. रोज पाच मिनिटांच्या आत माणूस गुडुप होत असेल तर ती झोपेची उधारी आहे. तपासायची एक जुनी घरगुती युक्ती आहे. सुटीच्या दिवशी दुपारी पलंगाच्या कडेला आडवं व्हा, खाली फरशीवर स्टीलचं ताट ठेवा, हातात चमचा धरून हात ताटावर लोंबू द्या आणि घड्याळ बघून डोळे मिटा. डोळा लागला की मूठ सैल पडते, चमचा ताटात पडतो आणि खणकन आवाजाने तुम्ही जागे होता. पाच मिनिटांच्या आत चमचा पडला तर झोपेची बरीच थकबाकी आहे. पंधरा मिनिटं झाली तरी टक्क जागे असाल तर ठीक. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चमचा पडल्याचं मला कळलंच नाही. खोलीतल्या मित्राने सांगितलं, ‘पडला रे, आणि तू घोरतोयस.’

सकाळी उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं जड असणं साहजिक आहे. पण तीन अलार्म लावावे लागतात का? आणि त्यातला एखादा आपणच बंद केल्याचं अजिबात आठवत नाही, असं होतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आठवड्यातून दोनदा ‘हो’ येत असेल तर नोंद करून ठेवा.

पायरी ३: लोकलमध्ये स्वतःवर नजर ठेवा

गावाकडे हे तपासायला इतकी चांगली जागा मिळत नाही. रोज तीच गाडी, तीच स्टेशनं, तोच वेळ. फरक पडला तर दिसतो.

संध्याकाळी खिडकी मिळाली, वारा लागला आणि डोळे मिटले, यात विशेष काही नाही. अर्धा डबा तेच करत असतो. लक्ष द्यायचं ते पुढच्या गोष्टींकडे.

सकाळी, म्हणजे रात्रीची झोप आटोपून तासभर झाला नाही तोच, बसल्या बसल्या झोप लागते. दिवसाची सुरुवातच पेंगत होत असेल तर रात्र कमी पडली.

उभ्याने डोळा लागतो. वरची कडी धरलेली असते, गुडघा एकदम लचकतो आणि दचकून जाग येते. मान छातीवर पडून झटक्याने वर येणं हा त्याचाच प्रकार.

मधली स्टेशनं आठवत नाहीत. ठाणे गेलं ते आठवतं आणि त्यानंतर एकदम घाटकोपर. डोळे मात्र तुमच्या मते उघडे होते. मेंदू काही सेकंद परस्पर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. याला सूक्ष्म झोप म्हणतात, इंग्रजीत मायक्रोस्लीप. डोळे उघडे असतानाही ती लागते, म्हणून तर कळत नाही. दारात लटकून जाणाऱ्याला अशी दोन सेकंदं पुरतात. ज्या दिवशी कडी धरून गुडघा लचकला, त्या दिवशी दारात उभं राहायचं नाही. गर्दी कितीही असो, आत शिरा, नाहीतर पुढची गाडी पकडा.

आणि आपलं स्टेशन सुटतं. एकदा सुटलं तर गंमत म्हणून सांगा. महिन्यात दुसऱ्यांदा सुटलं की ती गंमत राहत नाही. मी एकदा रात्रीच्या कर्जत गाडीत डोंबिवलीसाठी बसलो आणि डोळे उघडले ते बदलापूरला. वीसेक किलोमीटर पुढे. उतरायच्या आधीचा म्हणून मोबाईलवर अलार्म लावला होता. तो वाजलाही होता आणि मीच बंद केला होता. परतीच्या गाडीसाठी फलाटावर बसलो तर तिथल्या बाकावरही डोळा लागला. तरीही दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हा किस्सा हसत हसत सांगितला, आणि ऐकणाऱ्यांनी आपापले विरार-कसाऱ्याचे किस्से सांगितले.

मला जागं केलं ते आमच्या सकाळच्या डब्यातल्या एका काकांनी. ते तिसऱ्या सीटवर, मी चौथ्या. म्हणजे मी अर्धा अधांतरी, टेकायला त्यांचाच खांदा. एक दिवस म्हणाले, “अरे, तू रोज माझ्या खांद्यावर झोपतोस. घरी कधी झोपतोस?”

“काका, झोपतो ना.”

“मग बोलता बोलता कसा झोपतोस? आत्ता मी तुला काय विचारलं?”

मला आठवेना. सहप्रवाशांचं असं बोलणं मनावर घ्या. ते रोज त्याच वेळी तुम्हाला बघतात आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत.

पायरी ४: हातून होणाऱ्या बारीक चुका

एका रात्री मी घराच्या दारासमोर उभा राहून मेट्रोचं कार्ड कडीकुलपाला लावत होतो. एकदा लावलं, उघडलं नाही, म्हणून पुसून पुन्हा लावलं. पुसून! त्याच आठवड्यात ओटीपी तीनदा चुकीचा टाकून बँकेचं खातं चोवीस तासांसाठी अडकवून घेतलं. सहा आकडे समोर दिसत होते, बोटापर्यंत येईस्तोवर दोन निसटत होते.

झोप कमी पडली की आधी जातं ते लक्ष. ताकद बरीच नंतर. म्हणून गोण्या उचलणारा माणूस ‘मला काय झालंय?’ म्हणतो, आणि हिशोबात मात्र शंभराची नोट पाचशेची समजून सुटे देतो. पुढच्यांपैकी तीन-चार गोष्टी आठवड्यात घडल्या तर त्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहा: एकच ओळ चारदा वाचावी लागणं, गॅस चालू ठेवून निघणं किंवा अर्ध्या जिन्यातून ‘बंद केला का?’ म्हणून परतणं, रोजचा शब्द ओठावर न येणं, मेसेज चुकीच्या ग्रुपवर जाणं, पुलावरून भलत्याच फलाटावर उतरणं. कोणाच्याही हातून यातलं एखादं होतं. एकाच आठवड्यात सगळी रांग लागली तर तो विसराळूपणा नाही.

पायरी ५: राग, भूक, सर्दी

रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून, खोलीतल्या मित्राशी बादलीवरून, घरी फोनवर आईशी काहीच कारण नसताना भांडण. दिवस तसा बरा गेला होता, तरी. झोप न झालेल्या माणसाच्या भावनांचा ब्रेक सैल होतो. रडूही लवकर येतं.

भुकेचं असं की कमी झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. म्हणून डबा खाऊनही रात्री अकराला वडापाव हवासा वाटतो, आणि पोळी-भाजी नको वाटते, गोड-तळलेलं हवं असतं.

सर्दीचंही तसंच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. ७ तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या मानाने ६ तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. मुंबईची हवा मानवत नाही, असं नवीन माणूस पहिल्या वर्षी म्हणतोच. हवेचा दोष असेलही, पण कॅलेंडरवरचे आकडेही बघा.

पायरी ६: आठ प्रश्न

डॉक्टर वापरतात ती एक साधी मोजपट्टी आहे, एपवर्थ नावाची. मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी ती १९९१ मध्ये मांडली. आठ प्रसंग, आणि प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती याला ० ते ३ गुण: कधीच नाही ०, क्वचित १, बऱ्यापैकी २, हमखास ३. हे प्रसंग माझ्या शब्दांत:

बसून वाचताना. टीव्ही बघताना. मीटिंगमध्ये किंवा नाट्यगृहात नुसतं बसलेलं असताना. तासभर न थांबता गाडीत दुसऱ्याच्या शेजारी बसून जाताना. दुपारी आडवं झाल्यावर. कोणाशी बसून बोलताना. जेवणानंतर, दारू न घेता, शांत बसलेलं असताना. ट्रॅफिकमध्ये गाडी काही मिनिटं थांबलेली असताना.

बेरीज १० पर्यंत असेल तर सर्वसाधारण. ११ किंवा पुढे गेली तर दिवसाची झोप जास्त आहे, आणि तिचं कारण शोधायला हवं. माझ्या मते या आठांत बोलताना आणि ट्रॅफिकमध्ये हे दोन सगळ्यांत बोलके आहेत. जेवणानंतर कोणीही पेंगतो. बोलता बोलता झोपणारा माणूस खरंच अडचणीत असतो. प्रश्नांची उत्तरं शक्यतो खोलीतल्या सोबत्याकडूनही घ्या. तुमचे आणि त्याचे आकडे जुळले नाहीत तर त्याचे धरा.

पायरी ७: गाडी चालवत असाल तर इथे थांबून वाचा

स्टेशनपासून घरापर्यंत बाईक, डिलिव्हरीचं काम, ओला-उबर, टेम्पो, काहीही असो. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्याचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका बिघडतो. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. आता हिशोब करा. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला स्टेशनच्या स्टँडवरून बाईक काढतो तेव्हा त्याचे १७ तास भरलेले असतात. नाकाबंदीला फुंकर मारून घेतात त्या यंत्रात हे काही दिसत नाही.

ताशी ६० च्या वेगात चार सेकंदांची सूक्ष्म झोप म्हणजे ६५ मीटरहून जास्त अंतर चालकाविना. गाडी पट्टा सोडून सरकणं, मागचे दोन सिग्नल आठवत नसणं, एकामागून एक जांभया, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरणं, यातलं काहीही झालं की बाजूला घ्या. काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं याने झोप जात नाही, दोन मिनिटं पुढे ढकलली जाते. सुरक्षित जागी गाडी लावून चहा-कॉफी घ्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॅफिन चढायला तेवढाच वेळ लागतो. तरीही जड वाटलं तर गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी जा.

पायरी ८: आधी साधी कारणं काढा

नोंदी झाल्या, लक्षणं दिसली. आता दोन आठवडे एवढंच करायचं.

संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. दिवसभर जागं राहताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्याने झोप येते. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या कटिंगमधलं अर्धं अकराला अंगातच असतं. एका कटिंगने काय होतंय म्हणत लोक चार घेतात.

उठण्याची वेळ रोज तीच ठेवा, रविवारी फार तर तासभर उशीर. झोपेचे तास वाढवायचे ते रात्रीच्या बाजूने. जेवण आणि मोबाईल अर्धा-पाऊण तास अलीकडे आणला की बरंच जमतं. कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन राहत असाल तर दिव्याची वेळ सोबत्यांशी एकदा बसून ठरवा. डोळ्यावर पट्टी आणि कानात बोळे यांचा खर्च शंभर-दोनशे रुपये. आवाजाचं म्हणाल तर नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र आहे. लाऊडस्पीकर दहाला बंद व्हायला हवा, सणासुदीला काही ठराविक दिवस बारापर्यंत सूट मिळते. गणपती-नवरात्रात झोपमोड होणारच. तेवढे दिवस नोंदीतून वगळा, नाहीतर सरासरी उगाच बिघडेल.

ऐरोली, मालाडकडे रात्रपाळी करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. सकाळी घरी परतताना अंगावर ऊन आलं की शरीर दिवस सुरू झाला असं समजतं. म्हणून गडद चष्मा घालून या, खोलीला जाड पडदा लावा आणि ‘आधी जरा कामं उरकतो’ न म्हणता झोपा. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर ती निदान दोन-तीन आठवडे तीच ठेवून मिळते का, हे एचआरला विचारून बघा. विचारायला पैसे पडत नाहीत.

झोपेच्या गोळ्या किंवा गुंगी आणणारी सर्दीची गोळी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका. तास कमी असतील तर गोळी तास वाढवून देत नाही, आणि दुसऱ्या सकाळी लोकलच्या दारात गुंगी उतरायची असते.

पायरी ९: डॉक्टरकडे कधी

दोन आठवडे खरोखर सात-साडेसात तास झोपलात आणि तरीही दिवसा पेंगताय, तर तासांपलीकडे काहीतरी आहे. रक्त कमी असणं, थायरॉईड, मधुमेह, आणि घोरणं. जोरात घोरता घोरता श्वास अडकतो, मग गुदमरल्यासारखा सुटतो, सकाळी तोंड कोरडं आणि डोकं दुखतं, असं असेल तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. यात माणूस आठ तास अंथरुणावर असतो, पण झोप रात्रभर तुटत राहते. त्याची रात्रीची तपासणी होते आणि उपचार आहेत. पाय स्वस्थ न राहणं, सारखे हलवावेसे वाटणं हेही सांगा. शरीरात लोह कमी असल्याने तसं होऊ शकतं.

उलट प्रकारही असतो. वेळ आहे, अंधार आहे, शांतता आहे, आणि झोपच येत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि मन कशातच लागत नाही. अशा वेळी १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, फुकट.

आधी जवळच्या फॅमिली डॉक्टरला दाखवा. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात, म्हणजे परळचं केईएम, शीव, नायर किंवा कूपरला जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, केसपेपर काढा आणि घोरण्याचा त्रास असेल तर खिडकीवरच तसं सांगा, म्हणजे योग्य ओपीडीत पाठवतात. ‘थकवा येतो’ एवढंच सांगितलं तर रांगेतल्या दोन मिनिटांत टॉनिक मिळून तुम्ही बाहेर. सोबत कॅलेंडरच्या पानाचा फोटो घ्या, आठ प्रश्नांची बेरीज सांगा. आणि आदल्या आठवड्यात खोलीतल्या मित्राला सांगून तुमच्या घोरण्याचं मोबाईलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून घ्या. तो आनंदाने करून देईल.